एकच घेईन, पण अस्सल

इम्पी कांगास सकाळचं स्तोत्र वाचायला बसली, पण पायांना गारठा झोंबायला लागला. म्हणून तिने पांघरूण काढायला कपाटाचं दार उघडलं. पांघरुणाच्या आधी बंदूक बाहेर आली आणि तिच्या पायाच्या अंगठ्यावर येऊन उभी राहिली. इम्पीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण तोंडातून शब्द निघाला नाही. स्तोत्र पुरं झाल्याशिवाय कुणाला वेडंवाकडं बोलायचं नाही हा तिचा नेम होता. तिने एका हाताने अंगठा दाबून धरला, उरलेलं स्तोत्र शेवटपर्यंत वाचलं, आमेन म्हटलं आणि मगच हाक मारली.

"वॉली!"

वॉलफ्रिड कांगासने गावाच्या रस्त्यांवरचं बर्फ हटवण्याची गाडी जन्मभर चालवली आणि नुकताच निवृत्त होऊन घरी बसला होता. मागून येणाऱ्यांना वाट करून देण्यात आयुष्य गेल्यामुळे त्याला कुणालाच नाही म्हणता येत नसे. तो हातात कॉफीचा मग घेऊन दारात आला.

"पांघरुणांच्या कपाटात बंदूक काय करतेय?"

"तळघरात जागा उरली नाही."

"पलंगाखाली ठेवायची मग."

"पलंगाखाली आहेतच."

"म्हणजे आता आपण दोघांनी कपाटात झोपायचं का?"

वॉलीने कॉफीचा एक घोट घेतला. तो बोलण्याआधी नेहमीच एक घोट घेत असे, आणि बरेचदा घोटानंतरही काही बोलत नसे. आज मात्र बोलला.

"विकून टाकतो."

"ही?"

"सगळ्या."

इम्पी मटकन पलंगावर बसली. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने विकलेली एकच वस्तू तिला आठवत होती, ती म्हणजे त्याची होडी, आणि तीही बुडाल्यानंतर. तिने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ गारच होतं.

"बाबांची रायफल ठेवीन," वॉली म्हणाला. "आणि एकच घेईन. पण अस्सल. ऑगस्टची दुनळी."

त्याचं असं झालं होतं. पानं गळायच्या दिवसांत म्हाताऱ्या ऑगस्ट लाहतीबरोबर तो तित्तिरांच्या शिकारीला गेला होता. ऑगस्टला धाप लागली, म्हणून त्याने आपली दुनळी जरा वेळ वॉलीच्या हातात दिली. अक्रोडाचा दस्ता, त्यावर मधासारख्या रेषा, आणि वजन असं की हातात काही आहे हेच विसरायला व्हावं. झुडपातून तित्तिर फडफडला आणि वॉलीने काही करायच्या आत ती बंदूक आपणहून त्याच्या खांद्याला येऊन भिडली. त्या दिवसापासून तळघरातल्या बंदुकांच्या रांगेवरून वॉलीचं मन उडालं. देव्हाऱ्यात देवांची गर्दी झाली की एकालाही धड फूल मिळत नाही, तशी त्याची गत झाली होती. शनिवारी सौनाआधी, म्हणजे वाफेच्या अंघोळीआधी, तेवढ्या सगळ्या बंदुकांना तेलाचा हात फिरवायचा म्हणजे दुपार जायची, आणि मन कशातच नसायचं.

ऑगस्ट आता मुलीकडे राहायला, उन्हाच्या प्रदेशात निघाला होता. त्याची अट एकच होती. दुनळी भिंतीवर टांगायची नाही, दरवर्षी जंगलात फिरवायची. "पुढल्या आठवड्यात शनिवारी दिवे लागेपर्यंत पैसे घेऊन ये," त्याने वॉलीला बजावलं होतं. "रविवारी प्रार्थनेनंतर शहरातला दातांचा डॉक्टर येणार आहे. तो ती घरातल्या शेकोटीच्या वर भिंतीला लावणार म्हणतो. पण मी तरी काय करू, मला मोकळं होऊन निघायचंय."

एवढं सगळं वॉली एका दमात बोलला. लग्नानंतरचं त्याचं हे सर्वांत मोठं भाषण होतं. इम्पी अंगठ्याचं दुखणं विसरली. तळघर रिकामं झालं तर आईचा हातमाग तिथे मांडता येईल, चिंध्यांच्या सतरंज्या पुन्हा विणता येतील, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिने मनातल्या मनात आणखी एकदा आमेन म्हटलं.

रविवारी प्रार्थना झाल्यावर मंडळी चर्चच्या तळघरात कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव खात होती. इम्पीने चमचा कपावर वाजवला.

"आमचा वॉली सगळ्या बंदुका विकतोय. येत्या शनिवारी दुपारी, आमच्या तळघरात. आणि फक्त बायकांनी यायचं. पुरुष आले की दिवसभर नळीत डोळा घालून बसतात आणि काही घेत नाहीत. नाताळ जवळ आलाय, नवऱ्याला काय द्यायचं ते बघून घ्या."

बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. पुरुषांच्या टेबलावर मात्र एखाद्याच्या निधनाची बातमी यावी तशी शांतता पसरली. शेजारच्या क्लिफ ट्रेथवीच्या हातातला पाव कॉफीत बुडाला तो वर आलाच नाही. न्हावी डॉम बियांकी खरं तर कॅथलिक, पण पावासाठी दर रविवारी इकडे यायचा. त्याने हातातला कप बशी सोडून टेबलावर ठेवला. पास्टर निमी कुणाला तरी आशीर्वाद देत होते, तो मध्येच अडकला. वॉलीला वाटलं, आपल्या धाडसाने मंडळी भारावली आहेत.

सोमवारी क्लिफ तळघराच्या मागच्या दाराशी आला. परत करायचं निमित्त म्हणून त्याने हातात एक थाळी धरली होती. थाळी त्याच्याच घरची होती.

"वॉली, माझी कुठाय?"

"थाळी? तुझ्या हातात."

"बंदूक रे! पिवळ्या दस्त्याची. माझी."

"ती माझी आहे, क्लिफ."

क्लिफ एक शब्द बोलला. तो इथे लिहिण्याजोगा नाही.

"तू दर मोसमात येऊन ती माझ्याकडून मागून नेतोस," वॉली शांतपणे म्हणाला.

"मागून? मी माझी न्यायला येतो!"

"मग 'नेऊ का' म्हणून का विचारतोस?"

"सभ्य माणूस आहे म्हणून!"

हळूहळू उलगडा झाला. कितीतरी वर्षांपूर्वी क्लिफ ती बंदूक घेऊन आला होता आणि "ठेव तुझ्याकडे" एवढंच म्हणाला होता. त्याच आठवड्यात वॉलीने त्याच्या दाराशी सरपणाची गाडी रिकामी केली होती. वॉलीच्या लेखी व्यवहार पुरा झाला. क्लिफच्या लेखी तो शेजारधर्म होता. आमच्याकडचे पुरुष एका वाक्यात काम भागत असेल तर दुसरं वाक्य खर्चत नाहीत. त्यामुळे पुढची सगळी वर्षं एकजण उसनी देत राहिला आणि दुसरा स्वतःचीच नेत राहिला. दोघेही एकमेकांना मनाने मोठा माणूस समजत होते.

"बरं, मग घेऊन जा," वॉली म्हणाला.

"खुळा का काय? घरी हेझलला काय सांगू? ती बंदूक मी विकलीय!"

"कुणाला?"

"कुणाला नाही! तिला नवी शेगडी हवी होती. मला जादा पाळीचे पैसे मिळाले होते, त्यातून आणली. पण ती डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, 'क्लिफ, कुठून रे आणलेस पैसे?' आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'बंदूक विकली तुझ्यासाठी.' झालं. तेव्हापासून ती प्रत्येक पाहुण्याला आधी शेगडी दाखवते आणि मग मला. आता बंदूक घरी नेली तर शेगडीत मलाच घालील."

"मग मी काय करू?"

"विकू नकोस, देऊ नकोस, आणि कुणाला बोलू नकोस," क्लिफ म्हणाला आणि थाळी तिथेच विसरून गेला.

वॉलीने स्वतःची समजूत घातली. एवढ्या बंदुकांतली एक गेली, बाकीच्या तर आहेत. मंगळवारी तो डॉमच्या दुकानात केस कापायला गेला. डॉमने त्याच्या गळ्याभोवती कापड आवळलं, मानेवर साबण लावला, वस्तरा टेकवला आणि कानाशी तोंड आणलं.

"माझ्या दोन आहेत."

वॉलीला हलता येईना.

"लांब नळीची आणि ती छोटी. आठवतंय ना? माझी पोरगी तापाने फणफणली होती तेव्हा मी संत अँथनीला नवस बोललो, 'हिला बरं कर, मी घरात बंदूक ठेवणार नाही.' पोरगी बरी झाली. मी घरात ठेवत नाही."

"म्हणून माझ्या घरात?"

"दुसऱ्याच्या घरात ठेवणार नाही असं कुठे बोललो होतो?" डॉमने वस्तरा पुसला. "संताला शब्द दिला की तो दिलेला. जेवढा दिला तेवढाच पाळायचा. विकशील तर बघ हां, वॉली."

वॉली अर्धी मान भादरून घरी आला. बुधवारी, गुरुवारी माणसं येतच राहिली. कुणी शिडी मागायला आलं, कुणी शिडी द्यायला आलं. एकाच्या बायकोला वाटत होतं बंदूक तळ्यात पडली. एकाच्या सासूला वाटत होतं चोरीला गेली. प्रत्येकजण जिन्यावरून खाली यायचा, रांगेतल्या एखाद्या बंदुकीकडे लेकराकडे पाहावं तसा पाहायचा, "माझी" म्हणायचा, आणि "घेऊन जा" म्हटलं की पांढराफटक पडायचा. वॉलीने वर्षानुवर्षं ज्यांना तेल घातलं, ज्यांची पुसपास केली, त्या बंदुका एकेक करून सासरी निघाल्यासारख्या परक्या होत होत्या. आणि जात मात्र एकही नव्हती.

शुक्रवारी सकाळी पास्टर निमी आले. वॉलीला देवच भेटल्यासारखं झालं.

"पास्टर, तुम्ही आलात ते बरं झालं. मी फार पेचात सापडलोय. तुमचा सल्ला हवा होता."

पास्टरांनी मागे वळून दार लावलं. मग दाराला कडीही घातली.

"वॉलफ्रिड, मी आज सल्ला द्यायला आलेलो नाही," ते हळूच म्हणाले. "कोपऱ्यातली ती बारीक नक्षीची... अजून तिथेच आहे ना?"

वॉलीने जिन्याचा कठडा धरला.

"पण तुम्ही तर चर्चच्या छपरासाठी ती विकली होती! तुम्ही स्वतः व्यासपीठावरून सांगितलं!"

"विकायचीच ठरवली होती. मनापासून. रविवारी सांगूनही टाकलं. मग सोमवारी भावाने पैसे पाठवले. छपराला पैसे मी दिले, वॉलफ्रिड, त्यात खोट नाही. फक्त बंदूक विकली नाही. अंधारात तुझ्या दाराशी ठेवून गेलो..." पास्टरांनी रुमालाने मान पुसली. "आणि मग लोकांना तो त्याग इतका आवडला, की दर वर्षी दानाच्या रविवारी मला तो दाखला द्यावाच लागतो. माझी बायको एडिथ पहिल्या बाकावर बसून डोळे टिपते. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

पास्टर गेल्यावर वॉलीने उरलेल्या बंदुका पाहिल्या. एक बाबांची रायफल, ती विकायची नव्हतीच. आणि एक खारी मारायची, दस्ता तारेने बांधलेली, घोडा अर्ध्यावर अडकलेला. जन्मभर ज्याला गाव "बंदुकांचा राजा" म्हणत होतं, त्याच्या खजिन्यात स्वतःची म्हणावी अशी एवढीच दौलत निघाली. दुनळी त्याच्या डोळ्यांपुढून उडून दाताच्या डॉक्टरच्या शेकोटीवर जाऊन बसली.

"इम्पी," तो वर येऊन म्हणाला, "विक्री राहू दे का?"

"राहू दे?" इम्पी पावाचं पीठ मळत होती. "हातमाग येतोय उद्या, माझा भाऊ गाडी घेऊन निघाला पण. बायकांसाठी हे पाव चाललेत. आणि तूच म्हणालास ना सगळ्या? काय झालं?"

काय झालं ते सांगायचं तर अर्ध्या गावाचे संसार उघडे पडणार होते. वॉलीने कॉफीचा घोट घेतला, मग आणखी एक घेतला.

तोड डॉमने काढली. "किंमतच अशी लाव की बाया नुसत्या बघून घाबरल्या पाहिजेत. पाव खातील आणि जातील." वॉलीने रंगीत चिठ्ठ्यांवर आकडे लिहिले. लिहिताना त्यालाच लाज वाटत होती. खारी मारायच्या बंदुकीवर मात्र त्याने प्रामाणिक किंमत टाकली. ती कोणीच घेतली नाही, हे आत्ताच सांगून टाकते.

शनिवारी दुपारी बर्फ भुरभुरत होतं. पुरुष क्लिफच्या गॅरेजमध्ये जमले होते आणि धुरकट काचेतून कांगासांच्या दाराकडे टक लावून बसले होते. पहिली आली ती क्लिफचीच हेझल. तिने तळघरात पाऊल टाकलं, सरळ चालत गेली आणि पिवळ्या दस्त्याच्या बंदुकीपुढे थांबली.

"अगं बाई!"

वॉली दोन पावलं पुढे सरकला.

"अगदी माझ्या क्लिफची होती तशी! वॉली, बघ ना, हुबेहूब. दस्ता पण असाच. आणि हा ओरखडासुद्धा इथेच होता!"

"त्या... त्या कंपनीच्या सगळ्यांनाच पडतो तो," वॉली म्हणाला. आयुष्यातलं त्याचं हे पहिलं खोटं. कानापर्यंत लाल झाला बिचारा.

"माझ्या शेगडीपायी विकली रे त्याने. कधी एका शब्दाने बोलला नाही. पण मोसम आला की खिडकीशी उभा राहून उसासे टाकतो. मला कळत नाही का?" हेझलने पर्समधून पाकीट काढलं. "अंडी विकून साठवलेत. नाताळला त्याच्या हातात ठेवणार आहे."

"हेझल, नको घेऊस. नळी वाकडी आहे तिची."

"त्याची पण वाकडीच होती. नेहमी म्हणायचा, म्हणून हरीण चुकलं."

"किंमत बघितलीस का?"

हेझलने चिठ्ठी पाहिली. क्षणभर तिच्या तोंडचं पाणी पळालं. मग तिने मान ताठ केली. "एवढी किंमत? आणि क्लिफने तेव्हा शेगडीच्या पैशात देऊन टाकली! केवढं सोसलं माझ्यासाठी. दे बांधून."

समोरच्या गॅरेजच्या काचेला आतून कुणीतरी कपाळ टेकलं.

मग बांध फुटल्यासारख्या बायका आल्या. एडिथबाई महिला मंडळाची वर्गणी घेऊन आल्या होत्या. पास्टरांच्या सेवेला यंदा पंचवीस वर्षं पुरी होत होती, आणि छपरासाठी केलेल्या त्यागाची मंडळाला परतफेड करायची होती. त्यांनी बारीक नक्षीची बंदूक ओळखली नाही, पण "ह्यांना अशीच आवडायची" म्हणून नेमकी तीच उचलली. डॉमची बायको फादरकडे जाऊन नवस सोडवून आली होती. "पोरीला आता तीन पोरं झाली. संत अँथनीचं काही म्हणणं नाही म्हणाले फादर," तिने सांगितलं आणि दोन्ही एकदम घेतल्या. किमतीचा अडसर कुणालाच झाला नाही. उलट एवढ्या महाग आहेत म्हणजे चांगल्याच असणार, वॉली काय फसवणारा माणूस आहे का, असं म्हणत बायकांनी एकमेकींना उसने पैसे दिले. ज्या दोघी-तिघींना नवऱ्याच्या जुन्या बंदुकीसारखी सापडली नाही त्यांनी दुसरीच्या नवऱ्याची घेतली. वॉली मध्ये उभा राहून प्रत्येकीला दोष सांगत होता आणि जी ती त्याच्या सचोटीवर खूश होऊन पैसे हातात कोंबत होती.

उतरत्या दुपारी तळघर मोकळं झालं. इम्पीने मागासाठी जागा झाडायला घेतली. वॉलीच्या हातात कॉफीचा डबा होता आणि तो नोटांनी गच्च भरला होता. दुनळीला पुरून उरतील एवढ्या नोटा. त्यातली एकही त्याची नव्हती.

आमच्याकडे शनिवारी पुरुष सौनात बसतात. अंगावर कपडा नसला की माणसाला खोटं बोलायला जड जातं, असं जुने लोक म्हणत. त्या दिवशी वॉलीच्या अंगणातल्या सौनात बाकांवर खांद्याला खांदा लागला होता. निखाऱ्यावरच्या दगडांवर पाणी पडलं, चर्र झालं, वाफ उठली. वाफेतून क्लिफचा आवाज आला.

"माझीच बंदूक, माझीच बायको, माझ्याच कोंबड्यांची अंडी! आणि नाताळच्या दिवशी मी अगदी चकित व्हायचं!"

"व्हावंच लागेल," पास्टर खालच्या बाकावरून म्हणाले. "मला तर सगळ्या मंडळासमोर व्हायचंय. भाषणासकट."

"पैसे हे बघा," वॉलीने डबा पुढे केला. वाफेत नोटा मऊ पडायला लागल्या होत्या. "ज्याचे त्याने घ्या. मला पचायचे नाहीत."

एकही हात पुढे आला नाही.

"घ्या ना!"

"कुठे घेऊ?" डॉम म्हणाला. "खिसा आहे का अंगावर?"

"बाहेर कपडे आहेत की."

"आणि घरी? कुठून आणले म्हणून सांगू? आत्ताच तर संताची सुटका झाली माझ्यापासून. ठेव तुझ्याकडेच."

"हो, तुझ्याकडेच ठेव," वरच्या बाकावरून आवाज आले. "तुझ्याकडे काय, सुरक्षित."

वॉलीला घेरी आली. ती वाफेने आली की बोलण्याने, हे त्याला सांगता आलं नसतं. बंदुका ठेवून घेण्यात आयुष्य गेलं, आता त्यांचे पैसे ठेवून घेण्यात म्हातारपण जाणार. त्याने दाराच्या फटीतून बाहेर पाहिलं. उजेड निळा पडत चालला होता. तेवढ्यात, कधी नव्हे ते, त्याच्या तोंडून न विचारता वाक्य निघालं.

"दिवे लागले की ऑगस्टची दुनळी गेली. दाताच्या डॉक्टरकडे. शेकोटीवर."

ती दुनळी सगळ्यांनी पाहिली होती. काहींनी तिला हातही लावला होता. आपल्या जंगलात तित्तिरांमागे हिंडलेली ती बंदूक कुणा परक्याच्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकली जाणार, हे ऐकून पुरुषांच्या तोंडावर बायकांनी तळघर लुटताना आलं नव्हतं एवढं दुःख आलं.

"पैसे तर आहेत," पास्टर विचार करत म्हणाले. "घरी नेता येत नाहीत. परत करता येत नाहीत. आणि सत्कार्याला लावायचे तर छप्पर गळत नाही आता."

पुढचं कुणाला सांगावं लागलं नाही. ओल्या केसांनी, बंड्यांची बटणं उलटीसुलटी लावत सगळे बर्फातून धावले. ऑगस्ट दिव्याची वात सारखी करत होता. एवढी माणसं पाहून त्याने काडी तशीच विझवली.

"कोण मेलं?"

"घ्यायला आलोय. दुनळी," क्लिफ धापा टाकत म्हणाला. "सगळे मिळून."

ऑगस्टने सगळ्यांकडे पाहिलं. मग हसला. "चांगलं झालं. इतकेजण असलात तर बिचारी घरी बसायचीच नाही." त्याने दुनळी काढली, पुसली आणि टेबलावर ठेवली. "तर ही आता तुमची सगळ्यांची. वॉलीचा वाटा किती?"

वॉलीने हात पुढे केला होता. तो हवेतच राहिला.

क्लिफने बुटाकडे पाहिलं. डॉमने छताकडे पाहिलं. शेवटी पास्टरांनी घसा साफ केला.

"हिशेबाने बघायचं झालं, तर... म्हणजे वॉलफ्रिडची स्वतःची अशी एकही विकली गेली नाही ना आज."

"खारवाली राहिली," डॉम पुटपुटला.

वॉलीने कॉफीचा घोट घ्यायला हात तोंडाशी नेला. हातात कप नव्हता. इतक्या दिवसांच्या धक्क्यांनी तो मुरून गेला होता, पण हा वेगळाच होता. खरी गोष्ट अशी, की पास्टरांच्या बोलण्यात चूक काढायला जागाच नव्हती.

"बरं, आणि ठेवणार कुठे?" ऑगस्टने विचारलं.

यावर मात्र सगळे एका सुरात बोलले. "वॉलीकडे!"

क्लिफने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघ वॉली, तुला केव्हाही हवी असली तर आमच्यापैकी कोण नाही म्हणणार आहे का? माग फक्त."

पुढच्या वर्षी पानं पिवळी झाली. कांगासांच्या तळघरात इम्पीचा माग खटखट चालू होता, आणि कोपऱ्यात, मागाच्या धुळीपासून जरा लांब, तेल देऊन लखलखीत केलेली दुनळी होती. एका सकाळी वॉली अंगात जाकीट घालून शेजारी गेला. हेझलने आधी त्याला शेगडी दाखवली, मग तिच्यावरची कॉफी दिली, मग क्लिफला हाक मारली.

"क्लिफ," वॉली म्हणाला, "आज हवा चांगली आहे. ती दुनळी जरा नेऊ का?"

क्लिफने मनाचा मोठेपणा दाखवत क्षणभर विचार केला.

"ने की. पण झाल्यावर परत आणून ठेव."

"कुठे?"

"अरे कुठे काय? तुझ्या तळघरात."